तीन कॉर्ड लाकडं आणि आईची सुतळी

घर दाखवताना एजंटबाईंनी दोन गोष्टींचं फार कौतुक केलं होतं. एक मागच्या अंगणातलं मेपलचं झाड आणि दुसरा हॉलमधला बिडाचा स्टोव्ह. गॅसची पाइपलाइन इथपर्यंत येत नाही, हे त्यांनी त्या कौतुकाच्या ओघातच सांगून टाकलं. मीही मान डोलावली. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या दक्षिणेला, टेकड्यांच्या भागात हे घर आहे. इथे वर्षाला दहा फुटांच्या आसपास बर्फ पडतो. वादळात वीज गेली की घर गरम करणाऱ्या प्रोपेनच्या भट्टीचा पंखा बंद पडतो आणि मग टाकीत गॅस असून नसल्यासारखा. तेव्हा उरतो तो बिडाचा स्टोव्ह, आणि त्याला लागतं जळण.

मी कऱ्हाडची. आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, लाकडाची वखार होती. त्यामुळे सरपण विकत घेणं हे आपल्या रक्तातच असणार, असा माझा समज होता. त्यातून आई दिवाळीसाठी इथे आलेली. म्हणजे तज्ज्ञ घरातच.

शेजारचे आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे, मूळचे मिझुरीचे. त्यांच्या शेडमध्ये लाकडं अशी रचलेली असतात की एखाद्या ग्रंथालयानं लाजावं. सप्टेंबरात कुंपणाशी बोलता बोलता ते म्हणाले, "एवढ्या लहान स्टोव्हला तुला फार लागणार नाही. सुरुवातीला एक-दोन रिक घेऊन बघ."

मी लगेच फोन काढला. "रिकचा नंबर द्या ना."

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना उलगडलं. त्यानंतर पुढचे दोन महिने मी रस्त्यात दिसले की ते लांबूनच ओरडायचे, "रिक भेटला का?"

रिक हा माणूस नसतो. मिझुरीकडे आणि एकंदर दक्षिण भागात लाकडाच्या एका ओळीच्या चळतीला रिक म्हणतात. शब्द मूळचा गवताच्या ढिगाचा, म्हणजे आपली कडब्याची गंजी. हे मी घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "गंजी? दोन गंज्या घेऊन थंडी कशी भागेल, स्वेटर नको का?" त्याचे विनोद हे असेच असतात.

मग मी जरा अभ्यासाला बसले. इथे जळणाचं अधिकृत माप आहे कॉर्ड. चार फूट उंच, चार फूट खोल, आठ फूट लांब अशी नीट रचलेली चळत, म्हणजे 128 घनफूट. शब्दाचं मूळ दोरीच. पूर्वी चळतीभोवती दोरी धरून माप घ्यायचे. आमच्या गावाकडची मोळी दोरीनं बांधतात आणि यांची दोरीनं मोजतात, एवढाच काय तो फरक, असं वाटून मला फार बरं वाटलं. हे बरं वाटणं साधारण आठवडाभर टिकलं.

दोन जणांना फोन केले. पहिला म्हणाला, कॉर्डला 300 डॉलर. दुसऱ्याचा नंबर पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर मिळाला होता. तो म्हणाला, 110. मी विचारलं, "कॉर्डला?" तो म्हणाला, "हो, फेस." मला वाटलं, हे त्याचं काहीतरी 'फेस टू फेस', म्हणजे समोरासमोर रोख पैसे. बरोबरच आहे, रोखीला भाव कमी असतो. मी तीन सांगितल्या. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: '3 एफसी, 330, शनिवार.'

शिक्षणाची सगळी वर्षं पुण्यात काढलेल्या बाईला एफसी म्हटलं की फर्ग्युसन रोड आठवतो. मी तो मेसेज नवऱ्याला दाखवला. "बघ, एफसीवर तीन मिळाल्या, त्याही 330 मध्ये." समोरचा माणूस एका कॉर्डचे 300 मागतोय आणि हा तेवढ्यात तीन देतोय. वखारवाल्याची नात आहे म्हटलं मी!

शनिवारी तो आला. साधा पिकअप ट्रक, मागे हौद्याला फळ्या लावून उंची वाढवलेली. ड्राइव्हवेवर धडाधडा लाकडं ओतली, गेला, तासाभरानं दुसरी खेप आणली, पैसे खिशात घातले आणि हात हलवून निघून गेला. आई खिडकीतून बघत होती. शेजारचे आजोबाही त्यांच्या पायरीवरून बघत होते. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही, पण दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता.

आजोबा हळूहळू चालत आले. "किती सांगितली होतीस?"

"तीन कॉर्ड."

"आणि तो दोनदा आला?"

"हो, चटपटीत आहे."

आजोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग म्हणाले, साध्या पिकअपच्या हौद्यात नीट रचून भरली तर अर्धी कॉर्ड बसते. ताज्या ओकची एक अख्खी कॉर्ड दोन टनांहून जड होते. तीन कॉर्ड दोन खेपांत आणणाऱ्या पिकअपची चाकं कुठे मिळतात ते त्यांनाही हवं होतं.

तिथे मला फेस कॉर्ड म्हणजे काय ते कळलं. समोरून बघितली तर चळत चार फूट उंच आणि आठ फूट लांब दिसते. हुबेहूब कॉर्ड. पण मागे चार फूट खोली नसते, एकाच ओळीची असते, ओंडक्याच्या लांबीएवढी. म्हणजे चेहरा कॉर्डचा, धड नाही. ओंडके साधारण सोळा इंचांचे असले तर अशा तीन चेहऱ्यांची मिळून एक खरी कॉर्ड होते. माझ्या तीन एफसी म्हणजे हिशेबानं एक कॉर्ड. जी पहिला माणूस 300 ला देत होता.

आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलेबीचं ताट पुढून भरलेलं दिसतं, तसं."

रात्री दादाला फोन लावला. तो कऱ्हाडला बांधकामं करतो. मला वाटलं होतं, अमेरिकेतही अशी फसवाफसवी चालते हे ऐकून तो थक्क होईल. तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "अगं, आपल्याकडे ब्रास नाही का? वाळूचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट. फरशी बसवणारा ब्रास म्हणतो तेव्हा शंभर चौरस फूट. पहिलं घर बांधणारा माणूस दोन्ही ब्रास एकाच वहीत लिहितो आणि बेरीज करत बसतो. तू तेच केलंस."

खरंच तेच होतं. एक ब्रास पोटाचा, एक पाठीचा. लहानपणापासून हा शब्द मी ऐकत आले, पण एकच नाव घनफळालाही आणि क्षेत्रफळालाही चालतं, हे कधी टोचलंच नव्हतं. परक्या भाषेतली गंमत लगेच दिसते, आपली दिसायला भावाचा फोन लागतो. वर तो म्हणाला, "आणि ट्रॉलीत सांगितलेला ब्रास भरतच नाही, ते वेगळं."

शेजारचे आजोबा या विषयावर थांबणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी कॉफीला आले आणि त्यांनी मला कॉर्डचं अख्खं गोत्र सांगितलं. स्टोव्ह कॉर्ड. रँक. मेन राज्यात तर सुट्या, नुसत्या फेकलेल्या लाकडांची वेगळी कॉर्ड कायद्यातच आहे. बारा किंवा सोळा इंचांचे तुकडे गाडीत कसेही टाकले तर 180 घनफूट भरले पाहिजेत, कारण रचल्यावर ते खाली बसून 128 च्या जवळ येतात. ऑटावाच्या आमच्या मैत्रिणीनं यात भर घातली. तिच्याकडे खऱ्या, पूर्ण कॉर्डला बुश कॉर्ड म्हणतात. बुश म्हणजे रान. रानात मोजलेली ती खरी, गावात आली की तिचा चेहराच उरतो. कॅनडाच्या कायद्यात मात्र कॉर्ड एकच, 128 घनफुटांची. अमेरिकेतल्या निस्ट या मोजमाप संस्थेच्या नमुना नियमांतही स्पष्ट लिहिलंय की जाहिरातीत फेस कॉर्ड, रॅक, ढीग, ट्रकभर असले शब्द वापरू नयेत. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "त्या संस्थेत स्टोव्ह कोणाकडे नसणार."

मंडळाच्या ग्रुपवर मी ही हकीकत टाकली. चूक झाली. आमच्या मंडळात एक भूलतज्ज्ञ आहेत. त्यांनी लिहिलं, 'कॉर्डच्या आसपास इंजेक्शन देताना मीही नीट मोजून घेतो.' एक गिटारवाला मुलगा म्हणाला, 'काकू, मी तुम्हाला तीन कॉर्ड फुकट शिकवतो, त्यात शेकडो गाणी बसतात.' गणिताच्या एका निवृत्त सरांनी वर्तुळाच्या जीवेची व्याख्या पाठवली, कुणीही न मागता. कुणीतरी कॉर्डरॉयची पॅन्ट पाठवली. देवनागरीत लिहिलं की गिटारचीही कॉर्ड, मणक्यातलीही कॉर्ड आणि जळणाचीही कॉर्ड. इंग्रजीत निदान स्पेलिंगचा एखादा 'एच' तरी मधे येतो. एका बाळंतिणीचा नवरा म्हणाला, 'आमची कॉर्ड परवाच कापली.' त्यावर मात्र सगळ्यांनी अभिनंदनाची फुलं पाठवली आणि माझ्या लाकडांचा विषय एकदाचा संपला.

लाकडं मात्र ड्राइव्हवेवर पडून होती. ती रचायची होती.

हा भाग कुणी सांगत नाही. लाकूड विकत घेणं पाच मिनिटांचं काम, रचणं दोन दिवसांचं. खाली पॅलेट टाकायचे, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. दोन्ही टोकांना एक थर आडवा, एक उभा असा बुरूज करायचा, मग मधली ओळ टेकायला आधार मिळतो. फटी किती ठेवायच्या याचं आजोबांचं माप असं की उंदीर निसटून जावा आणि त्याच्या मागची मांजर अडकावी. आई म्हणाली, "वखारीत मांजरं लाकडांतच विणायची, ती कुठली अडकतात." हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. दोन तज्ज्ञांत कशाला भांडण.

आई स्वतः खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. ते लाकूड उलटं, साल वर येऊ दे. ते गाठीचं खाली घाल. हे ओलं आहे. मी म्हटलं, मीटर आणलाय. दोन टाचण्यांचं छोटं यंत्र मिळतं, ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूला टोचलं की ओलाव्याची टक्केवारी दाखवतं. वीसच्या खाली हवं. त्याहून ओलं जाळलं की धूर कोंदतो, धुराड्यात काजळीचा चिकट थर साचतो आणि तो थर पेटला तर घर जातं. विकणाऱ्यानं लाकूड 'सीझन्ड' सांगितलं होतं, म्हणजे मोसमभर वाळवलेलं. जावई म्हणाले, सीझन्ड म्हणजे मीठमसाला लावलेलं. आईनं त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, दोन लाकडं उचलली, एकमेकांवर आपटली आणि कान दिला. ॲशच्या झाडाची दोन टणटण वाजली. ओकची दोन थडथड. "ही वर्षभर ठेव." मीटरनं ॲशला सतरा सांगितलं आणि ओकला एकतीस. ओक वाळायला दोन वर्षंही घेतो, हे मी वाचलं होतं. आईनं ते न वाचताच ऐकलं.

ॲश मात्र भरपूर होतं. हल्ली इकडे जळणात ॲशच जास्त येतं. एक हिरवा भुंगेरा 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि तिथून पसरत त्यानं ॲशची झाडं मारत आणली. म्हणूनच न्यूयॉर्क राज्यात कच्चं जळण पन्नास मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे, किडे लाकडातून प्रवास करतात. आई म्हणाली, "मेलेलं झाड, पण चांगलं जळतं बिचारं."

रचता रचता मी सहज म्हटलं, निदान आता एक कॉर्ड तरी नीट झाली. आई उठून चळतीपाशी आली आणि एक ओंडका हातात घेऊन वीत लावून बघू लागली. "सोळा इंच म्हणालीस ना?"

मोजायची टेप गाडीत होती आणि गाडी घेऊन नवरा दूध आणायला गेला होता. आई आत गेली आणि तिच्या बॅगेला बांधून आणलेली सुतळी घेऊन आली. विमानात बॅग फुटेल या भीतीनं तिनं सहा वेढे घातले होते. कस्टम्सवाल्यांनीही ती सोडवायचा नाद सोडला असणार. गॅरेजमध्ये आठ फुटी लाकडी पट्टी पडली होती. तिच्यावर धरून आईनं सुतळी आठ फुटांवर कापली. "ही लांबी." मग दोन टोकं जुळवली. "ही उंची." मग त्या चार फुटांच्या तीन सारख्या घड्या घातल्या, साडीच्या निऱ्या घालतात तशा, बोटांत. "आणि हे तुझं सोळा इंच."

एका सुतळीत पूर्ण कॉर्ड आणि फेस कॉर्ड, दोन्ही निघाल्या. कुंपणापलीकडून बघणाऱ्या आजोबांच्या हातातला कप तसाच राहिला.

आईनं घडी ओंडक्याला लावली. सुतळी तीन बोटं पुढे उरली. दुसऱ्याला लावली, तीच गत. लाकडं चौदा इंचांचीच होती. मग सुतळी उलगडून तिनं चळतीच्या लांबीला लावली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चोवीस फूट भरायला हवी होती, फूटभर कमी भरली. उंची बरोबर होती, पण ती काय, मीच रचलेली. मी फोनवर हिशेब केला. 107 घनफूट. म्हणजे मला कॉर्ड जवळपास 394 डॉलरला पडली. 300 ला मिळत असताना.

"वखारीत बघ," आई खुर्चीवर परत बसत म्हणाली, "सगळं वजनावर होतं. मोठा काटा टांगलेला. किलो आल्यावरही लोक मणच म्हणायचे, चाळीस किलोचा मण. त्यात लबाडी एकच. लाकडावर रात्री पाणी मारायचं." थोडं थांबून म्हणाली, "आजोबा नाही मारायचे." आणखी थोडं थांबून, "पावसाळ्यात लाकडं बाहेर ठेवायचे, ते वेगळं."

तिचं म्हणणं असं की वजनावर विकतात तिथे पाणी विकतात आणि मापावर विकतात तिथे हवा विकतात. ते मला पटलं. 128 घनफुटांच्या कॉर्डमध्ये प्रत्यक्ष लाकूड 80-90 घनफूटच असतं, बाकी फटी. वाकडी लाकडं सैल रचली की फटी वाढतात आणि माप तेवढंच भरतं. दादानं मात्र हाही सिद्धान्त मोडीत काढला. वाळू मापावर विकतात, पण ओलसर वाळू फुगते आणि तीच वाळू जास्त ब्रास भरते. तिथे मापातही पाणीच विकतात. आई म्हणाली, "वाळूवाल्यांचं नको सांगूस मला."

विकणाऱ्याला फोन केला. मी चिडून बोलायचं ठरवलं होतं, पण तो इतका मनापासून गोंधळला की जमेना. लाकडं चौदा इंची का, तर त्याच्या बहुतेक गिऱ्हाइकांचे स्टोव्ह लहान आहेत. फेस कॉर्ड का, तर त्याचे वडीलही तसंच विकायचे. लांबी त्यानं सांगितली नव्हती, कारण मी विचारली नव्हती. हे शेवटचं खरं होतं. "फेस कॉर्ड म्हणजे नेमकी किती?" असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "एक ओळ." म्हणजे त्याच्या दृष्टीनं ओळ कितीही जाड असली तरी ती ओळच. पुढच्या आठवड्यात तो आपणहून अर्धा हौदा लाकडं आणून टाकून गेला, पैसे न घेता. त्यात निम्मं पाइन होतं, भसकन पेटणारं आणि लगेच संपणारं. आईनं ते आग पेटवण्यापुरतं वेगळं रचायला लावलं.

जानेवारीत वीज तीन दिवस गेली. स्टोव्हनं घर तगवलं. आई डिसेंबरातच परत गेली होती, तिनं वर्षभर ठेवायला सांगितलेल्या ओकला मी हात लावला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी चळतीत दहा-बारा लाकडं उरली होती, तेव्हा माझा हिशेब फारसा चुकला नव्हता असं मी म्हणू शकते, फक्त किंमत चुकली.

यंदा एप्रिलमध्येच लाकडं सांगितली, म्हणजे उन्हाळाभर वाळतील. फोनवर कॉर्ड हा शब्द मी उच्चारलाच नाही. म्हटलं, चार फूट गुणिले चार फूट गुणिले आठ फूट, ओंडके सोळा इंची, रचून झाल्यावर मोजीन. पलीकडचा माणूस हसला. "आधी फसलेल्या दिसताय," म्हणाला. लाकडं बरोबर आली. उलट थोडी जास्तच भरली.

आईची सुतळी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली होती. मधे आठ-दहा दिवसांपूर्वी शेजारच्या आजोबांचीही गाडी आली. ते कुंपणाशी आले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुझ्या आईची कॉर्ड जरा देतेस?" त्या वाक्याचं मराठी करून मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दे, पण परत मागून घे. दोरी कापून ठेवतात लोक."

आज बघितलं तर खिळा रिकामाच आहे.